पत्ते मोजून घर चालतं का?

"गोव्याला जाऊन पत्ते मोजले तर महिन्याला ५० हजार सुटतील का, भावा?" कोल्हापुरात कट्ट्यावर हा प्रश्न हल्ली फार ऐकू येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. पैसे सुटू शकतात, पगार सुटत नाही.

मटका आधीच बाजूला ठेवा. ओपनला (एकच आकडा ओळखायचा) दहाचे नव्वद मिळतात, पण आकडे दहा. म्हणजे दहा रुपयांमागे सरासरी एक गेलाच. चार्ट लिहून वह्या भरल्या तरी कालच्या आकड्याला आजचा ठाऊक नसतो. ऑनलाइन पैशाचे खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले. उरतो कॅसिनोतला ब्लॅकजॅक, म्हणजे २१ च्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ, कारण तिथे वाटलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही.

मोजायचं असं: दुर्री ते छक्की अधिक एक, सत्ती ते नव्वी शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का उणे एक. पंजी, राजा, तिर्री, नव्वी, दुर्री, राणी आले, तर बेरीज अधिक एक. ही बेरीज न वाटलेल्या कॅटांनी भागायची. अधिक आठ आणि चार कॅट शिल्लक, तर दोन. बेरीज अधिक म्हणजे मोठे पत्ते जास्त उरलेत, आणि ते तुमच्या फायद्याचे. प्रत्येक एकामागे साधारण अर्धा टक्का पारडं तुमच्याकडे झुकतं. बिनचूक खेळूनही सुरुवातीला कॅसिनो अर्ध्या टक्क्याने पुढे असतो. म्हणजे एकवर बरोबरी, दोनवर अर्धा टक्का फायदा. तिथे डाव वाढवायचा, एरवी किमान लावायचा. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने पत्ते मोजून कॅसिनोवर मात करता येते हे १९६२ मध्येच जगासमोर मांडलं. कॅसिनोवाल्यांनाही तेव्हापासून ते पाठ आहे.

आता रुपयांत बघू. सरासरी डाव १००० रुपये, तासाला ६० हात आणि फायदा एक टक्का (हे चांगल्या टेबलावर, चांगल्या मोजणाऱ्याला) धरला तर तासाला ६०० रुपये. पण त्याच तासातला चढउतार जवळपास ९००० रुपयांचा. शंभर तास खेळल्यावर कागदावर ६० हजार दिसतात, तरी चारांतला एक माणूस तोट्यातच उठतो, आणि तोही एकही चूक न करता. डाव कमीजास्त करायचे म्हणजे चढउतार याहूनही मोठा. भांडवल एक लाख असेल तर कधी ना कधी ते पूर्ण बुडण्याची शक्यता सुमारे २२ टक्के, तीन लाखांना एक टक्क्याच्या आसपास. हे तीन लाख घरखर्चाचे नसावेत. त्यातून दर महिन्याला किराणा काढला की हे गणितच मोडतं.

खरा घात कर करतो. चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) विकत घेताना जीएसटी, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. दहा हजारांच्या चिप्सवर चार हजार. उरलेल्या चिप्स परत केल्या तरी तो कर परत नाही. ६०० च्या हिशेबाने तो भरून काढायलाच साडेसहा तासांहून जास्त. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. बैठकीगणिक हिशेब धरा: काही बैठकांत ८० हजार जिंकले, काहींत ६० हजार घालवले. हातात २० हजार, कर २४ हजार. आंबोलीच्या घाटातून जायचं-यायचं पेट्रोल यात धरलेलंच नाही!

डोक्यात पत्ते मोजणं म्हणजे चोरी नव्हे. पण डाव उडी मारताना दिसला की डीलर पत्ते लवकर पिसतो, किंवा तुम्हाला दुसरा खेळ सुचवला जातो. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने मोजणाऱ्याला बाहेर काढायला मनाई केली, तरी पिसण्याची मोकळीक उरलीच.

नोकरी सोडून यात पडू नका. हौस म्हणून एखाद्या रात्री बसणारच असाल, तर चिप्स घेण्याआधी दोन गोष्टी बघा. वापरलेले पत्ते लगेच परत गिळून सतत पिसणारं यंत्र असेल तर मोजून काही हाती लागत नाही. आणि ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाचा पत्ता) दीडपटीऐवजी पाचाला सहा देत असतील, तर कॅसिनोची बाजू जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढलेली असते. अशा टेबलावर बसूच नका.