झिदानचे गोल, खडूची सिगारेट आणि आमचा भूतकाळ

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "तुम्हा फ्रेंचवाल्यांची काय मजा होती राव! आम्ही संस्कृतची रूपं घोकत होतो आणि तुम्ही टेप ऐकत बसला होता." मजा होती, हे खरं. पण फुकटची नव्हती. आमच्या फ्रेंचच्या बाईंनी नुसतं ऐकायला म्हणून कधी गाणं लावलं नाही.

बाई सुट्टीत पुण्याला जायच्या आणि आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेच्या लायब्ररीतून कॅसेट, मासिकं असं काहीबाही घेऊन यायच्या. 1998 साली 'टायटॅनिक'च्या गाण्याने कोल्हापूर वेडं झालं होतं. ते गाणारी सेलीन दिऑन मूळची कॅनडातल्या क्वेबेकची, तिची मायबोली फ्रेंच, हे आम्हाला वर्गातच कळलं. बाईंनी तिचं 1995 चं एक फ्रेंच गाणं लावलं. हातात झेरॉक्स, त्यावर गाण्यातली भविष्यकाळी क्रियापदं खोडलेली. ऐका आणि भरा. तीनदा रिवाइंड केल्यावर गाण्यातला रोमान्स पार उडाला, पण क्रियापदांचे शेवट डोक्यात पक्के बसले.

खरा तास मात्र 13 जुलै 1998 चा, सोमवारचा. वर्ल्ड कपची फायनल आपल्याकडे रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू झाली होती. फ्रान्स तीन, ब्राझील शून्य. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ म्हणजे फुटबॉलची पंढरी, आणि तिथे पोरांच्या तोंडी ब्राझील नाहीतर अर्जेंटिना. वर्गात निम्मे डोळे लाल. बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर चार आकडे लिहिले: 27, 45, 68, 90. म्हणाल्या, "कुठल्या मिनिटाला काय झालं, सांगा. फ्रेंचमध्ये."

27 आणि 45, फ्रान्सच्या झिदानचे दोन गोल, दोन्ही कॉर्नरवरून, दोन्ही डोक्याने. 68, देसाईला रेड कार्ड. (या नावाचा उच्चार ऐकून मागच्या बाकावरून "गडहिंग्लजचा का हो?" असा प्रश्न आलाच. बाईंनी नकाशा काढला. देसाई घानात जन्मलेला, थुराम ग्वादलूपचा, कारांबू न्यू कॅलेडोनियाचा, झिदान मार्सेचा पण आईवडील अल्जेरियाचे. फ्रान्सच्या वसाहतींचा इतिहास आम्ही टीमच्या यादीवरून शिकलो.) 90, पेतीचा तिसरा गोल. घडलं आणि संपलं, अशा गोष्टींचा हा 'पासे काँपोझे', पूर्ण भूतकाळ. आदल्या वर्षी तक्त्यात पाठ केलेला, त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडला.

मग मंगळवार पेठेतला आमचा एक ब्राझीलभक्त चवताळून उठला. "बाई, रोनाल्डो आजारी होता!" बाईंना जणू हेच हवं होतं. आजारी असणं ही मिनिटाला घडलेली घटना नाही, ती मागे चालू असलेली परिस्थिती. तिला दुसरा काळ लागतो, 'अँपार्फे', अपूर्ण भूतकाळ. त्याने वाक्य फ्रेंचमध्ये म्हटलं आणि ब्राझीलची अब्रू त्याच्यापुरती वाचली.

पुढच्या आठवड्यात जाक प्रेव्हेरची एक कविता आली, 1946 च्या 'पारोल' संग्रहातली. एक माणूस कपात कॉफी ओततो, दूध घालतो, साखर घालतो, ढवळतो, पितो, सिगारेट ओढतो, एक शब्द न बोलता निघून जातो. समोर बसलेली व्यक्ती हे सगळं सांगते आणि रडते. बस्स, एवढीच कविता. जवळजवळ प्रत्येक ओळ पासे काँपोझेत. बाईंनी टेबलावर स्टाफरूममधली कपबशी ठेवली. एकाने ओळ वाचायची, दुसऱ्याने न बोलता ती करायची. सिगारेट म्हणून खडू, हॅट म्हणून शिपाईमामांची गांधी टोपी. माझा मित्र खडूचा झुरका घेऊन धुराची वर्तुळं सोडत असतानाच हेडसर दारात. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, व्याकरण चाललंय." सर क्षणभर थांबले आणि निघून गेले.

मग बाईंनी विचारलं, या कवितेत अँपार्फे कुठे आहे? शोधशोध शोधलं. एकच जागा: तो रेनकोट घालतो, कारण पाऊस पडत होता. बाहेर कोल्हापूरचा जुलैचा पाऊस कौलांवर कोसळत होता, त्यामुळे त्या क्रियापदाचा अर्थ कुणालाच विचारावा लागला नाही.

आता पोरांच्या मोबाइलवर जगभरचे सिनेमे आहेत आणि खाली सबटायटल्सही. मला त्यात शिकण्यासारखं फारसं दिसत नाही. पडद्यावर काय झालं ते पोरालाच सांगायला लावणारं कुणी समोर असल्याशिवाय तो नुसता टाइमपास. मुलीचे फ्रेंचचे मार्क बघून बोलतोय.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघतो. मागच्या पावसाळ्यात फ्रान्सला गेलेल्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागांत, ब्लोहोल निघाले, वायूने पडलेली भोकं. फोनवर खुलासा मीच दिला: धातूचा रस ओतला, साच्यात वायू अडकला, कारण वाळू ओली होती. पहिली दोन वाक्यं पासे काँपोझेत, तिसरं अँपार्फेत. पलीकडच्या बाईंनी व्याकरणाचं कौतुक केलं, खुलासा मान्य केला, आणि अख्खा लॉट परत पाठवला.