ग्रीगच्या समाधीची वारी

नॉर्वेतल्या बर्गेनहून संगीतकार एडवर्ड ग्रीगच्या समाधीला जायला ट्राम आहे. होप स्टॉपला उतरलं की वीस-पंचवीस मिनिटांची चाल. मी शहरापासूनच पायी निघाले. ज्याच्या सुरांनी इतकी वर्षं साथ दिली, त्याच्या दारी चालतच जावं असं फार दिवस मनात होतं. शिवाय तो स्वतः चालणारा माणूस. तरुणपणीच एक फुप्फुस आजाराने निकामी झालं, तरी नॉर्वेचे डोंगर चढत राहिला.

फॅन्टॉफ्ट, पॅराडिस मागे पडलं. पाऊस होताच, बर्गेनला तो नसेल तरच नवल. मनात त्याचा ए मायनर कन्सर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, घोळत होता. आधी टिंपनीचा, म्हणजे नगाऱ्यासारख्या वाद्याचा घुमार, मग वरून कोसळत येणारा पियानो. त्या ठेक्यावर पाय आपोआप पडत होते.

ट्रोल्डहाउगेनला पोचल्यावर बहुतेक जण 1885 सालच्या त्याच्या घरात शिरतात. मी थेट तळ्याकडे उतरले. ओल्या दगडांवर शेवाळ, पाऊल जपून टाकावं लागतं. नोर्डोस तळ्यासमोर उभा कडा, आणि त्यात डोक्याच्या बऱ्याच वर बसवलेली शिळा. तिच्यावर रुनिक, म्हणजे उत्तरेकडच्या प्राचीन लिपीच्या वळणाची अक्षरं: एडवर्ड आणि नीना ग्रीग.

मित्र फ्रान्स बायरबरोबर होडीतून जाताना मावळतीचं ऊन या कड्यावर पडलेलं त्याने पाहिलं आणि मला इथंच विसावू दे म्हणाला, असं सांगतात. 4 सप्टेंबर 1907 ला तो गेला. निरोपाला बर्गेनचे रस्ते माणसांनी भरून गेले होते, आणि अस्थी मात्र आल्या या एकांतात. त्याची कितीतरी गाणी जिच्या गळ्यासाठी झाली ती त्याची बायको नीना 1935 मध्ये गेली, तीही इथंच आहे.

शिळेपर्यंत हात पोचत नाही. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. इथं सगळ्यांना मुखदर्शनच. मला ते पुरलं. कळसाला हात जोडून समाधानाने परतणारे वारकरी मी पाहिलेत. त्या दिवशी ते समाधान कसलं असतं ते कळलं. डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

काठावरच त्याची लाकडी झोपडी आहे. आत पियानो, मेज, खिडकीत तळं. इथं बसून तो लिहायचा. जाणाऱ्यांनी आधी समाधी, मग झोपडी आणि शेवटी घर असा क्रम ठेवावा. वेळ असेल तर आवारातल्या सभागृहातली मैफल चुकवू नये. तिथं रंगमंचामागे काच आहे आणि वाजवणाऱ्याच्या पाठीमागे हीच झोपडी आणि हेच तळं दिसतं.