दहा ठिपके दिसले, हवे होते पाच

आमच्या घरी कोकमाचं आगळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ओतायचं नाही, हा आईचा कायदा आहे. चिनीमातीची बरणी, नाहीतर काच. मुंबईहून आलेल्या मावशीने एकदा सोलकढी रात्रभर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवली होती. सकाळी पातेलं आतून काळवंडलेलं, बोट फिरवलं तर खरखरीत. ते आता परसात कोंबड्यांच्या पाण्याला असतं. त्यामुळे मी नखाएवढी एक चकचकीत चकती घरी आणून, "हिच्यातले शंभरातले सत्तर अणू ॲल्युमिनियमचे आहेत," असं सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मग खाऱ्या वाऱ्यात कशाला आणलीस?"

उत्तर देता आलं नाही. मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पीएच.डी. नोकरी सांभाळून चालली होती, आणि चकती घासायला फक्त शनिवार-रविवार हाताशी होते. ते जातात गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी.

चकती होती ॲल्युमिनियम, पॅलेडियम आणि मँगनीजच्या क्वासिक्रिस्टलची. साधा स्फटिक म्हणजे एकच लादी पुन्हा पुन्हा मांडत नेलेली फरशी. तीन, चार, सहा कोपऱ्यांच्या सारख्या लाद्या फट न ठेवता बसतात, नियमित पंचकोनी बसत नाहीत. म्हणून स्फटिकाला पंचकोनी सममिती नसते, असं लिहून आम्ही बी.एस्सी.ला मार्क मिळवले. प्रत्यक्षात ८ एप्रिल १९८२ ला इस्रायली शास्त्रज्ञ डॅन शेक्टमन यांना झटक्यात थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीजमध्ये, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, दहा ठिपक्यांची कडी, म्हणजे तीच अशक्य सममिती, दिसली होती आणि त्यांनी वहीत दहाच्या पुढे तीन प्रश्नचिन्हं काढली होती. शोधनिबंध यायला नोव्हेंबर १९८४ उजाडला. दोन नोबेलं मिळवलेल्या लायनस पॉलिंगनी तर ते शेवटपर्यंत मानलं नाही. शेक्टमनना नोबेल मिळालं २०११ मध्ये. अणू शिस्तीतच बसलेले असतात, पण तीच मांडणी ठरावीक अंतराने परत येत नाही, एवढाच सगळा भानगडीचा मुद्दा.

शेक्टमन यांचा मिश्रधातू तापवला की त्याची ही मांडणी मोडायची. आन-पांग त्साय यांनी १९८७ मध्ये ॲल्युमिनियम-तांबं-लोखंडाचा आणि १९९० मध्ये हा पॅलेडियमचा टिकाऊ प्रकार शोधला, तेव्हा कुठे मोठे एकसंध तुकडे वाढवता येऊ लागले. माझी चकती अशाच एका तुकड्यातून, पाचपदरी अक्षाला (ज्याभोवती वर्तुळाच्या पाचव्या हिश्शाने फिरवलं तरी मांडणी तशीच दिसते) काटकोनात कापून आलेली होती. माझं काम तिच्या फक्त वरच्या दोन-चार थरांपुरतं.

पडवीत जाड काच, तिच्यावर मखमली कापड, त्यावर हिऱ्याची पेस्ट: आधी सहा मायक्रॉन, मग एक, शेवटी पाव. चकती मेणाने स्टीलच्या गुटक्यावर चिकटवायची आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवत राहायची. क्वासिक्रिस्टल कडक असतं आणि काचेसारखं ठिसूळही. पहिल्याच रविवारी एक कड उडाली. सहा मायक्रॉनचा एखादा कण पाव मायक्रॉनच्या कापडावर चुकून राहिला तर त्याचा एक ओरखडा काढायला आख्खी दुपार जाते. जुलै होता, भिंतींना घाम फुटलेला. दमट हवेत या धातूवर ऑक्साइड कोरड्या हवेपेक्षा जाड चढतो, हे मी वाचलेलं होतं. आईने न वाचता सांगितलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत घाटावरच्या प्रयोगशाळेत गेले. तिथला निर्वाताचा स्टीलचा चेंबर आधी भाजावा लागतो. बाहेरून हीटिंग टेप गुंडाळायची, वर फॉइल, आणि दोन दिवस दीडशे अंशांच्या खाली-वर ठेवायचा, म्हणजे आतल्या भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ सुटते. मग दाब मिलिबारच्या दहा अब्जाव्या भागापर्यंत उतरतो. एवढा सोस कशासाठी? मिलिबारच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या दाबाला, येऊन धडकलेला प्रत्येक रेणू चिकटला, तर स्वच्छ पृष्ठभागावर काही सेकंदांतच कचऱ्याचा एक थर बसतो. दहा अब्जावा भाग गाठला की हाताशी काही तास मिळतात.

पुढचं काम ऐकायला सोपं. आरगॉनचे आयन मारून वरचा ऑक्साइड उडवायचा, मग चकती तापवून पृष्ठभागाला पुन्हा जागेवर बसू द्यायचं. पुन्हा आयन, पुन्हा ताप. सहाव्या दिवशी चकतीवर मंद इलेक्ट्रॉन सोडले आणि तिच्या पृष्ठभागावरून परतून त्यांचे हिरव्या पडद्यावर एकेका कड्यात दहा ठिपके उमटले. मोजून दहा! मी तंत्रज्ञ काकांना हाक मारली, फोटो काढला, घरी फोन केला. शेक्टमन यांच्या वहीतलं ते पान आठवून डोळ्यात पाणीसुद्धा आलं, खोटं कशाला सांगू.

फोटो पाहून सरांनी विचारलं, "कड्यांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर काढलंस का गं?"

काढलं. १.४१ आलं. क्वासिक्रिस्टलचं असतं तर सुवर्णगुणोत्तर यायला हवं होतं, १.६१८. १.४१ म्हणजे दोनाचं वर्गमूळ, म्हणजे सरळसरळ चौकोनी घराणं.

आरगॉन सगळ्या अणूंना सारखं झोडपत नाही. हलकं ॲल्युमिनियम आधी उडतं आणि वर पॅलेडियमची गर्दी होते. त्या गर्दीचा साधा घनाकृती स्फटिक तयार होतो. खालच्या पाचपदरी पायावर तो पाच दिशांना, बहात्तर-बहात्तर अंशांनी फिरून बसतो. प्रत्येकाची सममिती दुपदरी, पाच दुणे दहा. म्हणजे माझे दहा ठिपके हे क्वासिक्रिस्टलचं सोंग घेतलेल्या साध्या स्फटिकाचे होते. माझ्या चकतीच्या खऱ्या पृष्ठभागाचे कड्यात पाचच यायला हवे होते. अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेच्या पॅट्रिशिया थील यांच्या गटाने १९९८ मध्येच हे छापलेलं आहे. तो निबंध माझ्या लॅपटॉपवर होता, पहिल्या पानावर पिवळ्या खुणासुद्धा केलेल्या होत्या.

पण मी तापवलं होतं ना? पॅलेडियम-मँगनीजला सव्वासहाशे-साडेसहाशे अंश लागतात, तेवढे पायरोमीटरवर, म्हणजे दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्रावर, दिसत होते. दोन दिवस मी व्हॅक्यूमला दोष देत बसले. शेवटी काकांनी पायरोमीटरच्या मागचं बटण दाबून विचारलं, "मॅडम, हा एमिसिव्हिटीचा आकडा तुमचाच ना?" पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो, त्याचा हा आकडा. माझा नव्हता. आधीच्या कुणाच्या तरी नमुन्याचा होता, माझ्यापेक्षा बराच कमी. आकडा कमी ठेवला की यंत्र तापमान वाढवून सांगतं. चकती प्रत्यक्षात बरीच थंड होती, आणि खालचं ॲल्युमिनियम वर यायला लागणारी ऊब तिला कधी मिळालीच नव्हती.

आकडा बदलला. चार तास तापवलं, सावकाश निववलं. रात्री सव्वाला पडद्यावर चार ठिपके. चारच! पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की पाचवा नमुन्याच्या धारकाच्या सावलीत असणार. इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढवली तसे सगळे ठिपके मध्याकडे सरकले आणि पाचवा सावलीतून बाहेर आला. गुणोत्तर १.६२. ह्या वेळी कुणालाच फोन केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात टनेलिंग मायक्रोस्कोपच्या, म्हणजे पृष्ठभागाचे चढउतार अतिटोकदार टिपने टिपणाऱ्या यंत्राच्या, प्रतिमा घेतल्या आणि त्या पेन ड्राइव्हवर घालून गावी आणल्या. क्वासिक्रिस्टलचा पृष्ठभाग सपाट मळ्यांचा असतो, एकाखाली एक. मळ्यांवर काळ्या पंचकोनी चांदण्या आणि उजळ फुलं दिसतात, सगळ्या फोटोत मिरवतात. माझा जीव पायऱ्यांवर. १९९४ पासून माहीत आहे की या पायऱ्या मुख्यतः दोनच उंचींच्या असतात, सुमारे ०.४२ आणि ०.६८ नॅनोमीटर, आणि त्यांचं गुणोत्तर पुन्हा सुवर्णगुणोत्तराच्या जवळ. मी वहीत बुटक्या पायरीला ल आणि उंच पायरीला ग लिहीत गेले, शाळेत वृत्तं ओळखताना लिहायचो तसं: ग ल ग ग ल ग ल ग. फिबोनाची मालिकेचा नियम पाळला जात असेल तर दोन ल शेजारी येत नाहीत आणि तीन ग सलग येत नाहीत.

आमच्या घरापासून खाली रस्त्याला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरते. सवय नसलेला पाहुणा तिथे हमखास ठेचकाळतो, कारण गवंड्याने काही चिरे आडवे घातलेत, काही उभे. वहीतल्या त्या पानाने डोकं फिरलं म्हणून मी एका संध्याकाळी टेप घेऊन पाखाडी मोजायला बसले. सात इंच आणि नऊ इंच. गुणोत्तर काही सुवर्ण नव्हे, आणि एका ठिकाणी चक्क पाच ल सलग. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पंचायतीचं काम आलं की काय गं?"

एका प्रतिमेत मात्र माझ्याकडेही दोन ल शेजारी आले. प्रबंधासाठी ही मोठीच बातमी! आठवडाभर मनात मांडे खाल्ले. मग ती जागा मोठी करून पाहिली. दुसरी पायरी अगदी सरळ रेषेत होती, डावीकडून उजवीकडे, पट्टीने आखल्यासारखी. खऱ्या पायऱ्या इतक्या सरळ, तेही नेमक्या स्कॅनच्या दिशेत, धावत नाहीत. मध्येच टिपने उडी मारली होती, बस. लाईट गेली होती, लॅपटॉपच्या उरलेल्या वीस टक्क्यांवर मी ती ओळ वहीतून खोडली.

दुसरा घोळ उंचीचा. माझ्या पायऱ्या ०.४५ आणि ०.७३ येत होत्या, छापील आकड्यांपेक्षा सात टक्के जास्त. गुणोत्तर मात्र बरोबर. म्हणजे दोष धातूचा नव्हे, फूटपट्टीचा. सोन्याच्या ज्या पृष्ठभागावर अणूच्या एका पायरीची उंची ०.२३५ नॅनोमीटर असते, त्याची त्याच यंत्रावर घेतलेली जुनी प्रतिमा मागवली. ती पायरी ०.२५२ निघाली. सात टक्के. सगळे आकडे एका भागाकाराने जागेवर आले. आधीच सोनं मोजलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

तोंडी परीक्षेत अपेक्षेप्रमाणे "उपयोग काय?" आलंच. न चिकटणाऱ्या तव्यांवरच्या लेपाची गोष्ट क्वासिक्रिस्टलच्या प्रत्येक व्याख्यानात सांगतात. मला ती जरा जास्तच वाजवलेली वाटते, कारण हवेत आणलेल्या तव्यावर अन्न प्रत्यक्षात टेकतं ते वरच्या ऑक्साइडला, क्वासिक्रिस्टलला नव्हे. मी २००५ चा प्रयोग सांगितला. ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं क्वासिक्रिस्टल एका दिशेने नियमित असतं, आडव्या दिशेने नाही. निर्वातात, स्वच्छ पृष्ठभागावर, टोकदार सुई नियमित दिशेने ओढली तर घर्षण दुसऱ्या दिशेपेक्षा आठ पट निघालं. परीक्षकांनी मान हलवली आणि चहा मागवला.

ज्या पृष्ठभागासाठी एवढं केलं तो चेंबर उघडला त्या क्षणीच ऑक्साइडखाली गेला. चकती मात्र मला परत मिळाली. घरी ती एका छोट्या डब्यात सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांत असते. पावसाळ्यात दाणे दुसऱ्या दिवशीच गुलाबी होतात, मग मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून त्याला वेगळा तवा ठेवलाय. आईने त्याच्या कानाला लाल चिंधी बांधलीय, आणि तो कोंबड्यांच्या पातेल्याशेजारी टांगलाय.