बँकेत इंटर्नशिप लागली पण बॅक ऑफिसला टाकलं, आता काय?

इंटर्नशिपच्या ऑफर्स यायला लागल्या की माझ्या फोनवर एकाच छापाचे मेसेज सुरू होतात. "दादा सिलेक्शन झालं, पण ऑपरेशन्सला टाकलंय, घेऊ की थांबू?" नाहीतर "क्रेडिट रिस्क मिळालंय, मला इन्व्हेस्टमेंट बँकिंग हवं होतं, काय करू?" ऑपरेशन्स किंवा बॅक ऑफिस म्हणजे झालेल्या व्यवहारांचे पैसे आणि हिशेब पार पाडणारा विभाग, क्रेडिट रिस्क म्हणजे कर्ज घेणारा ते फेडेल का हे तपासणारा, आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंग म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारायला, दुसरी कंपनी विकत घ्यायला मदत करणारा. म्हणजे बँकेत असे डील करणारे आणि ट्रेडिंगवाले तेवढे खरे, बाकीचे नुसते कागद सरकवत बसतात असा एकूण समज. मी दर वेळी एकच सांगतो की घे बाबा, बिनधास्त घे, आणि समोरचा जरा हिरमुसतो, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

आधी प्रकार पटापट सांगतो, कारण यातही गोंधळ असतो. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी काही मोठ्या बँका आठवडाभराची ओळख ठेवतात, लंडनकडे त्याला स्प्रिंग वीक म्हणतात. मग समर इंटर्नशिप, साधारण आठ ते दहा आठवडे, जी खरं तर एक लांबलचक इंटरव्ह्यूच असते, कारण पक्की नोकरी बरेचदा यातूनच दिली जाते. ऑफ-सायकल म्हणजे वर्षात मध्येच कधीतरी सुरू होणारी, तीन ते सहा महिन्यांची. आणि डिग्रीनंतरचा ट्रेनी प्रोग्राम, वर्ष-दोन वर्षांचा, ज्यात दर काही महिन्यांनी डिपार्टमेंट बदलतं. जर्मनीत तर डिग्रीशिवायही जाता येतं, बँकेत काम आणि शाळेत थिअरी असं अडीच-तीन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण आहे तिथे, आणि मला विचाराल तर मुळापासून बँकिंग शिकायला तीच सगळ्यात चांगली पद्धत आहे, फक्त तिला ग्लॅमर नाही.

आता बॅक ऑफिस. बँकेत कुठलंही पेमेंट एक जण टाकतो आणि दुसरा तपासून पास करतो, याला मेकर-चेकर म्हणतात, आणि नव्या इंटर्नला पहिल्या दिवसापासून याचाच कंटाळा येतो. ऑगस्ट २०२० मधली सिटीबँकेची गोष्ट बघा. रेव्हलॉन या कॉस्मेटिक कंपनीच्या कर्जाचं काम सिटी बघत होती आणि कर्ज देणाऱ्यांना व्याजाचे साधारण ७८ लाख डॉलर पाठवायचे होते. सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून तीन ठिकाणी टिक करायला हवी होती, केली एकाच ठिकाणी. तिघांच्या नजरेखालून ते गेलं, तिघांनाही बरोबर वाटलं, आणि बँकेचे स्वतःचे जवळपास ९० कोटी डॉलर बाहेर गेले! काहींनी परत केले, काहींनी साफ नकार दिला, सुमारे ५० कोटी डॉलर अडकले, २०२१ मध्ये खालच्या कोर्टाने न देणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला तेव्हा कुठे सिटीच्या जिवात जीव आला. ज्या कामाला आपण क्लेरिकल म्हणून नाक मुरडतो ना, ते हे काम.

आणि बेरिंग्ज तर माहीत असायलाच हवी. १७६२ सालची बँक, १९९५ मध्ये बुडाली, कारण सिंगापूरमध्ये निक लीसन नावाचा माणूस सौदेही करत होता आणि त्याच सौद्यांची सेटलमेंटही, म्हणजे पैसे आणि हिशेब मिटवायचं कामही, त्याच्याच हाताखाली होतं. तोटा ८८८८८ नंबरच्या खात्यात दडवत गेला, शेवटी आकडा ८२ कोटी पौंडांच्या वर गेला आणि आयएनजी या डच कंपनीने ती बँक एका पौंडाला घेतली. यातली गंमत अशी की लीसन मुळात सेटलमेंटमधूनच वर आलेला, त्यामुळे कुठे कोण बघत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वाईट कामासाठी वापरलं हे खरं, पण बँक आतून कशी चालते हे शिकायची जागा कुठली, ते यातून कळतंच.

क्रेडिट रिस्कवाल्यांचं तर नशीब काढलंय असं मी म्हणेन. तिथे इंटर्नला बहुतेक वेळा जुनी कर्जाची फाइल देतात आणि सांगतात की वाच आणि तुझं मत लिही. समजा एक कंपनी आहे, विक्री वर्षात २० टक्क्यांनी वाढली, नफाही वाढला, नवखा पोरगा लगेच लिहून मोकळा होतो की कंपनी उत्तम, कर्ज द्यावं. आता ताळेबंदात येणी बघा, ती ६० टक्क्यांनी वाढलीत. म्हणजे माल गेला, बिल फाडलं, पुस्तकात नफा दिसला, पण गिऱ्हाइकाने पैसे दिलेलेच नाहीत. मग कॅश फ्लोचं पान उघडायचं, तिथे धंद्यातून आलेली रोकड मायनसमध्ये, आणि त्याच वर्षात बँकेकडे कर्जाची मर्यादा वाढवून मागितलीय. आता प्रश्न सुचायला लागतात, उधारी कोणाकडे अडकलीय, एकाच मोठ्या गिऱ्हाइकाकडे की सगळीकडे, किती जुनी आहे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यातच विक्री एकदम का उसळली. हे प्रश्न स्वतःहून सुचायला लागले की इंटर्नशिप वसूल झाली समजा, मग कार्डावर डिपार्टमेंटचं नाव काही का असेना.

त्यामुळे ऑफर घेताना ब्रँड आणि डिपार्टमेंट यापेक्षा मी वेगळ्या गोष्टी विचारायला सांगतो. माझ्या शेजारी कोण बसणार, म्हणजे रोज शंका विचारायला माणूस आहे की नुसतं ईमेलवर नाव दिलंय? मागच्या बॅचच्या इंटर्न्सनी नेमकं काय काम केलं? त्यातले किती जण पुढे घेतले? ट्रेनी प्रोग्राम असेल तर रोटेशन तुम्ही निवडता की ते ढकलतील तिथे, आणि मध्येच सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च मागणारं बाँड आहे का? हे विचारलं म्हणून कोणी ऑफर काढून घेत नाही. उलट एचआरने गोल गोल उत्तरं दिली तर तेही उत्तरच आहे.

तासांबद्दलही स्पष्ट विचारा, विशेषतः इन्व्हेस्टमेंट बँकिंगला जाणार असाल तर. २०१३ मध्ये लंडनमध्ये एका मोठ्या बँकेतला २१ वर्षांचा इंटर्न वारला. चौकशीत मृत्यूचं कारण अपस्माराचा झटका असं निघालं, थकव्याने तो आला असू शकतो असंही म्हटलं गेलं, आणि त्यावरून सगळीकडे चर्चा झाली. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेने समर इंटर्न्ससाठी नियम केला की रात्री १२ ते सकाळी ७ ऑफिसात थांबायचं नाही. म्हणजे उरलेले १७ तास चालतील, वा रे सवलत!

अर्जाचं म्हणाल तर लवकर करा, एवढंच. बऱ्याच बँका शेवटच्या तारखेची वाट बघत नाहीत, अर्ज येतील तसे बघतात आणि जागा भरत जातात, अमेरिकेत तर काही समर इंटर्नशिपचे अर्ज वर्षभर आधीच सुरू होतात. ऑनलाइन टेस्ट असते, मग रेकॉर्डेड व्हिडिओ इंटरव्ह्यू, ज्यात समोर माणूसच नसतो, स्क्रीनवर प्रश्न येतो आणि घड्याळ पळत असतं, याची घरी मोबाइलवर प्रॅक्टिस करा नाहीतर बोलती बंद होते. आणि "बँकिंगच का" याला पाठ केलेलं उत्तर देण्यापेक्षा एक घटना नीट समजून जा. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक घ्या. ठेवी कधीही काढता येणाऱ्या, पैसा लांब मुदतीच्या बाँडमध्ये, म्हणजे रोख्यांमध्ये अडकवलेला, व्याजदर चढले तशा बाँडच्या किमती पडल्या, आणि ९ मार्च २०२३ या एका दिवसात ठेवीदारांनी ४२०० कोटी डॉलर परत मागितले, दुसऱ्या दिवशी बँक बंद. हे तुम्ही स्वतःच्या शब्दांत पाच वाक्यांत सांगू शकलात तर पॅनेल पुढे झुकून ऐकतं, हे मी पॅनेलवर बसून बघितलंय.

आत गेल्यावर वही ठेवा. कागदाची, साधी. एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा विचारली तर कोणी काही म्हणत नाही, तिसऱ्यांदा विचारली की लक्षात ठेवतात. पण त्या वहीत ग्राहकाचं नाव, खाते नंबर असलं काही लिहू नका, आणि "घरी जाऊन बघतो" म्हणून ऑफिसची एक्सेल फाइल स्वतःच्या ईमेलवर तर अजिबात पाठवू नका. ऑफिसच्या ईमेलवरून बाहेर काय जातं यावर बँकेचं लक्ष असतं. प्रेझेंटेशन उत्तम झालं, मॅनेजर खूश, आणि शेवटच्या आठवड्यात आपलं काम आठवण म्हणून जपायला बनवलेलं एक्सेल मॉडेल घरी पाठवलं आणि ऑफर गेली, असं होऊ शकतं आणि होतं. सीव्हीवर लिहायला "अमुक उद्योगातल्या कंपन्यांच्या कर्जफाइल्स तपासल्या, येणी आणि रोख प्रवाहावर टिपण लिहिलं" एवढं पुरतं, त्याला मूळ फाइल लागत नाही.