बोटांचे ठसे आणि भाडेकरार

पेणजवळच्या हमरापूरला वयाच्या सोळाव्या वर्षापासून मी गणपतींच्या डोळ्यांची आखणी करत आले. गेल्या वर्षी आई, बाबा आणि धाकट्या भावाला घेऊन नाशिकला आले, तेव्हा सामान, भावाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि पंचवटीतल्या दोन खोल्या हे सारे पंधरवड्यात जमले. अडले ते भाडेकरारापाशी, आणि त्याची चीड अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

शाळेला आणि गॅसच्या जोडणीला नोंदणीकृत करारच हवा होता. करार करून देणारे गृहस्थ लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आले. ऑनलाइन नोंदणीत दोन्ही पक्षांचा ठसा आधारशी जुळावा लागतो. घरमालकांचा लगेच जुळला, माझी मात्र दहाही बोटे लावून झाली तरी एकही जुळेना. शाडूची मूर्ती वाळली की ती पॉलिश पेपरने घासावी लागते, आणि त्या कागदाखाली मूर्तीबरोबर आमची बोटेही वर्षानुवर्षे झिजतात. गृहस्थांनी हात लिंबाने धुवायला सांगितले, खोबरेल तेल लावायला सांगितले, आणि तिसऱ्या खेपेस ते म्हणाले, "वडिलांच्या नावावर करू या." बाबांची बोटे तर माझ्याहून झिजलेली. तोवर घरमालकही "ताई, दुसरे भाडेकरू थांबलेत" असे म्हणू लागले होते. त्या रात्री मी माझे हात पाहून रडले, कारण याच हातांच्या भरवशावर मी चार माणसांचे घर इथवर आणले होते.

ठसा जुळत नसेल, तर दोन्ही पक्षांना दोन साक्षीदारांसह दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करता येते, हे अखेर शेजारच्या निवृत्त तलाठी काकांनी सांगितले. ज्यांनी सांगायला हवे होते, ते तीन आठवडे गप्प राहिले होते. घरमालकांना एक दिवस रजा घ्यायला लावणे एवढेच काय ते कठीण गेले. तिथले काम दुपारपर्यंत झाले आणि करारावर माझे नाव लागले.

घरमालक टाळाटाळ करू लागले, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी त्यांचीच आहे, हे त्यांना नम्रपणे सांगावे. एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरचे वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये असते. कोणी याहून फार मोठा आकडा सांगितला, तर हिशेब लिहून मागावा. इंडेक्स-२ ची, म्हणजे नोंदणीच्या गोषवाऱ्याची, प्रत घ्यायला विसरू नये, शाळेत तीच पाहिली गेली.

हे मी आधीच करायला हवे होते: मूर्तिकारांनी आधारचे ठसे हंगाम संपल्यावर अद्ययावत करावेत. मी तीन आठवडे पॉलिश पेपर हाती धरला नाही, पितृपक्षात केंद्रावर गेले, आणि दहाही बोटांचे ठसे पहिल्याच खेपेला उमटले.