टाइल निवडताना कढीपत्ता

माझं लहानपण वाईच्या घरात शहाबादी फरशीवर गेलं. उन्हाळ्याच्या दुपारी त्या फरशीवर पालथं पडायचं आणि गाल टेकून गारवा घ्यायचा. माजघराच्या उंबऱ्याशी एका फरशीत पिवळसर पट्टा होता, त्याला मी नदी म्हणायचे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, खाणीतून थराथराने निघतो, त्यामुळे एकीसारखी दुसरी फरशी नसतेच.

आता कोथरूडच्या फ्लॅटचं काम काढलं तेव्हा हॉलला लाकडी दिसणारी टाइल हवी होती. रोज ओल्या फडक्याने पुसायची सवय, खरं लाकूड टिकलं नसतं. पण बहिणीच्या घरी अशीच टाइल आहे आणि तिथे एक गोष्ट मला फार खुपते. लाकडातली एक काळी गाठ दर दोन-तीन पट्ट्यांनी परत येते. एकदा दिसली की नजर तिथेच जाते. झाडाला दोनदा तीच गाठ कशी येईल?

म्हणून दुकानात मी रंगाआधी विचारलं, "यात रँडम किती?" छापाच्या वेगवेगळ्या प्रती किती, असा त्याचा अर्थ. काहींत दोन, काहींत चार. मी सहा रँडमवाली घेतली, २०० बाय १२०० मिलिमीटरची. तीन खोकी वेगळ्या शेडची आली. बॅच नंबर ताडून पाहिला म्हणून कळलं, नाहीतर अर्धा हॉल झाल्यावर लक्षात आलं असतं. बदलून मिळायला आठवडा गेला.

लावायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीकाकांनी सगळ्या पट्ट्या कोरड्याच मांडून दाखवल्या. आम्ही दोघं दुपारभर त्या अदलाबदल करत होतो. एखादी उलटी फिरवली की गाठ दुसऱ्या टोकाला जाते, एवढ्यानेही खूप फरक पडतो. मला विटांसारखी निम्म्यावर सांधा येणारी रचना हवी होती. काका म्हणाले, "ताई, एवढी लांब टाइल भट्टीत मधे जराशी फुगते. निम्म्यावर सांधा घेतला तर फुगवट्याशेजारी टोक येणार, पायाला लागणार. एक तृतीयांशावर घेऊ." तसंच केलं. अनवाणी चालताना आता कुठेच अडत नाही.

बाथरूमचं थोडक्यात सांगते. खाली मॅट राखाडी, पाय घसरू नये म्हणून. नदीतले गोटे छापलेली टाइल दुकानदार आग्रहाने दाखवत होता, ती नको म्हटलं. पायाला गोटे लागत नाहीत आणि डोळ्याला मात्र दिसतात, हे मला पटत नाही.

खरा जीव रमला तो ओट्यामागच्या भिंतीत. तिथे हिरव्या, चकचकीत, ७५ बाय ३०० मिलिमीटरच्या छोट्या टाइल्स घेतल्या. खोक्यावर व्ही३ लिहिलं होतं. व्ही१ म्हणजे सगळ्या एकसारख्या, व्ही४ म्हणजे खूप फरक. काकांनी फिक्या एकीकडे, गडद एकीकडे अशा थप्प्या लावल्या आणि विचारलं, "कशा लावायच्या?" मलाही सुचेना. मग बाल्कनीतल्या कुंडीतून कढीपत्त्याची एक डहाळी तोडून आणली आणि ओट्यावर ठेवली. टोकाची पानं पोपटी, मधली भर हिरवी, खालची जवळजवळ काळपट. पण अगदी पायरीपायरीने नाही. मधेच एखादं फिकं पान खाली असतं.

काकांनी डहाळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग खालून गडद ओळ सुरू केली आणि तिसऱ्या ओळीत न विचारता एक पोपटी टाइल बसवली.

संध्याकाळपर्यंत पानं मलूल झाली. वरच्या दोन ओळी राहिल्या होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी काका आल्या आल्या म्हणाले, "ताई, नवी डहाळी आणा."