वेंगुर्ल्याच्या कांदळवनात: मांडवी खाडीची सफर

वेंगुर्ल्याला कांदळवन, म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं जंगल, बघायला जायचं ठरलं की तिकिटाच्या आधी त्या दिवसाची भरतीची वेळ काढा. मांडवीची खाडी काही फार रुंद नाही, आणि आतल्या चिंचोळ्या फाट्यांत होडी शिरते ती पाणी चढलेलं असतानाच. आमच्या होडीवरच्या ताईंनी ते एका वाक्यात सांगितलं, “भरती इली काय आत जाता येता, नायतर होडी चिखलात रुतता.” भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आदल्या आठवड्यात जाऊन आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ उपयोगाची नाही. फोन करूनच जा. पावसाळ्यात सफर बंद असते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत कधीही जावं, पण एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन खाडीवर सोसवत नाही. सकाळची भरती मिळेल असा दिवस निवडा.

रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ किंवा सावंतवाडी ही दोन स्थानकं जवळची. मुंबईहून कोकणकन्या आणि तुतारी या दोन्ही गाड्या सोयीच्या. पुढे एसटी आहे, रिक्षाही मिळते. गोव्याकडून येणाऱ्यांनी तेरेखोल-शिरोड्यावरून किनाऱ्याकिनाऱ्याने यावं. रस्ता अरुंद, पण सुरेख.

ही सफर स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका चालवतात. मांडवीतल्या मच्छीमार घरांतल्या या बायका. होडी पुरुषांची आणि टोपली बायकांची, ही किनाऱ्यावरची जुनी वाटणी. इथे वल्हं बायकांच्या हातात आहे आणि झाडांची माहितीही त्याच देतात. याची सुरुवात सरकारी कार्यक्रमातून झाली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, जागतिक पर्यावरण निधी आणि सरकार यांनी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासाठी मिळून एक प्रकल्प राबवला होता. त्यातून गटाला आधार मिळाला आणि 2017 मध्ये सफर सुरू झाली. प्रकल्पाची मुदत संपली, सफर मात्र चालू राहिली. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

खाडीत कांदळवनाच्या आठ जाती दाखवतात. घाई करू नका, एकेक झाड नीट बघा. तिवराचं पान उलटसुलट करून बघितलं तर त्यावर मिठाचे बारीक कण चकाकतात. खारं पाणी पिऊन नको असलेलं मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं. जीभ लावली की लगेच कळतं. कांदळाच्या फांदीला लांब हिरव्या शेंगा लोंबत असतात, पण तो असतो झाडावरच रुजलेला कोंब. फळ झाडावर असतानाच बी उगवतं, कोंब हातभर वाढतो आणि मग गळून थेट चिखलात उभा रुततो, किंवा पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतो. भरती-ओहोटीच्या जागेत साधं बी टिकणार कसं, वाहूनच जायचं. चिप्पीची मुळं चिखलातून वर डोकावतात, कारण त्या काळ्या चिखलात हवा नाही आणि मुळांना श्वास तर हवाच. याच पांढऱ्या चिप्पीला 2020 मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केलं. असा मान कांदळवनातल्या झाडाला देणारं हे देशातलं पहिलं राज्य. गेव्याच्या जवळ मात्र हात आवरा. त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. होडीच्या कडेने हात पाण्यात सोडून बसू नका, मुळांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात.

आता थोडं या वनाच्या राखणीबद्दल. कारण हे जंगल आज उभं आहे ते आपोआप नाही. कांदळवन म्हणजे पडीक दलदल, भराव घालायची जागा, असंच कित्येक वर्षं मानलं गेलं. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीवर आणि लगतच्या पन्नास मीटरांतल्या बांधकामावर बंदी घातली, सरकारी जमिनीवरचं कांदळवन वन म्हणून जपायला सांगितलं. 2012 मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला, 2015 मध्ये त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान. पण बंदी आणि गस्त यांनी तोड थांबते, गावाचं पोट भरत नाही. ती बाजू 2017 च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेने हाती घेतली. गावात सहव्यवस्थापन समिती बनते, तिच्याखाली गट तयार होतात, आणि खेकडापालन, कालवपालन, शिंपलेपालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन यांतलं काही निवडता येतं. गटाचा प्रकल्प असेल तर 90 टक्के खर्च सरकारचा, एकट्याचा असेल तर 75 टक्के. उरलेलं लाभार्थ्याने घालायचं. हा स्वतःचा वाटा थोडा असला तरी फार महत्त्वाचा, कारण फुकट आलेल्या होडीची डागडुजी कोण करत बसतो?

कुठे खेकडापालन बघायला मिळालं तर जरूर बघा. तिवराच्या सावलीत जाळीचं कुंपण घालून आत कुर्ल्या वाढवतात. भरतीचं पाणी आत-बाहेर खेळतं, झाडाला हात लावायची गरज नसते. उलट झाडं गेली तर सावलीही गेली. ज्या घराचं उत्पन्न या सावलीवर आहे, ते घर कोयता घेऊन येणाऱ्याला स्वतःच अडवतं. तेवढी राखण पगारी पहारेकऱ्याकडून होईल असं मला वाटत नाही.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत 2013 साली राज्याचं कांदळवन 186 चौरस किलोमीटर होतं, 2023 च्या अहवालात ते 315 च्या आसपास आहे. वाढीतला काही भाग मोजणी सुधारल्याचाही असणार, तरी दिशा चांगली आहे. माझी काळजी वेगळी आहे. योजना पहिली होडी देते, पहिलं बीज म्हणजे खेकड्या-कालवांची पिल्लं देते. पण चार-पाच वर्षांनी होडीची फळी कुजते, जाळी फाटते, बाजारभाव पडतो. त्या वेळी गटाच्या मागे उभं राहायची तरतूद हवी, आणि ती मागण्याचा हक्क करदाते म्हणून आपल्यालाही आहे. शिवाय कोकणात बरंच कांदळवन खाजगी खार जमिनींवर, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेल्या शेतांत, वाढलेलं आहे. बांध फुटून शेतात तिवर उगवला म्हणून जमीन अडकली असं वाटणाऱ्या शेतकऱ्याला या सगळ्यात काय मिळतं, याचं नीट उत्तर द्यावंच लागेल.

जाणाऱ्यांनी पैशांवरून घासाघीस करू नये, ते थेट गटाच्या हातात पडतात. रोख जवळ ठेवा. लाइफ जॅकेट घाला, लहान मुलांना तर सक्तीने. चिखलात निघणार नाहीत अशा पट्ट्याच्या चपला, टोपी, पाण्याची भरलेली बाटली, आणि असली तर दुर्बीण. खंड्या आणि बगळे हमखास दिसतात. मोठ्याने गाणी लावणारी मंडळी बरोबर असतील तर त्यांना आधीच समजावून न्या. सफरीनंतर बंदरावर जा, दीपस्तंभ बघा, आणि संध्याकाळी मासळी बाजारात एक फेरी माराच.

वेंगुर्ला लांब पडत असेल तर रायगडात श्रीवर्धनजवळ काळिंजे आहे, तिथे कांदळवनातून लाकडी पायवाट केली आहे. खेडजवळ सोनगावला खाडीतल्या मगरी बघायची सफर आहे. मुंबई-ठाण्याच्या लोकांना ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सर्वांत जवळ. तिथे फ्लेमिंगोंसाठी हिवाळ्यात जावं, आणि तिथेही आधी भरतीची वेळ विचारूनच घरातून निघावं.